खात्रीकाकांची राखण

त्यांचं खरं नाव प्रयोगशाळेत फक्त पगाराच्या यादीत होतं. बाकी सगळ्यांसाठी ते खात्रीकाका. कोणी काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "थांबा, खात्री करतो." फ्रीजर नीट लागलाय का? थांबा, खात्री करतो. उद्या सुट्टी आहे का? थांबा, खात्री करतो. एकदा कुणीतरी चेष्टेने विचारलं, "काका, तुमचं लग्न झालंय ना?" तर त्यांच्या तोंडून तेवढ्याच गंभीरपणे "थांबा" निघालं, आणि मग जो हशा पिकला त्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता.

ही खोड त्यांना औषधांच्या दुकानात लागली. विशीत ते तिथे कामाला होते, आणि मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: बाटली उचलताना चिठ्ठी वाच, ओतताना वाच, परत ठेवताना वाच. तुझ्या एका डुलकीने दुसऱ्याच्या घरी रडारड व्हायची. मालक गेला, दुकान गेलं, तीनदा वाचणं मात्र राहिलं. जित्याची खोड ती, जाते कुठे! पुढे वनस्पतींच्या प्रयोगशाळेत ते काचसामान धुवायला लागले, आणि धुतलेलं परत धुणारा हा माणूस बघून मोठ्या सरांनी त्यांना हळूहळू नाजूक कामं द्यायला सुरुवात केली. आता निवृत्ती दिसायला लागली होती आणि प्रयोगशाळेतलं सगळ्यात नाजूक काम त्यांच्याच हातात होतं.

घरी ते आणि बायको, दोघंच. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. शेवटची काही वर्षं काकांचा थोरला भाऊ, दादा, त्यांच्याकडेच होता. दादा पोस्टमन. अर्धं शहर त्याला तोंडपाठ, कुठल्या दाराची घंटा बिघडलीय आणि कुठल्या घरचा कुत्रा नुसताच भुंकतो हेसुद्धा. त्याच्या आजाराची सुरुवात साखरेने झाली. एका रविवारी त्याने स्वतः चहा केला आणि त्यात दोनदा साखर घातली. सगळे हसले. पुढच्या रविवारी घातलीच नाही. तेव्हाही हसले. मग एकदा तो आपल्याच दाराशी उभा राहून शेजाऱ्याला विचारत होता, "इथे कोण राहतं हो?" त्यानंतर त्या घरात विसरण्यावर कोणी हसलं नाही. दादा गेला, पण जाताना धाकट्याच्या मनात एक भीती ठेवून गेला: रक्त एकच, आता पाळी माझी.

म्हणून काकांनी स्वतःची एक परीक्षा ठरवली होती. संध्याकाळी जेवण झालं की मागच्या दाराची कडी लावायची, हात धुवायचे, वर्तमानपत्र घेऊन बसायचं आणि थोड्या वेळाने उठून कडी बघायची. कडी लागलेली असे. रोज लागलेली असे. ते एकदा ओढून बघत, मान हलवत आणि परत येऊन बसत तेव्हा त्यांचा चेहरा पास झालेल्या पोरासारखा दिसे. बायको शिवणाच्या मशीनवरून वर बघे आणि काही न बोलता पुन्हा खाली बघे.

प्रयोगशाळेत त्यांच्या वाट्याला आलेली मुलगी अगदी उलट वळणाची होती. डॉक्टरेटसाठी तिचं काम चालू होतं. ती जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, चहा उभ्यानेच प्यायची आणि एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करायची. तिचं नाव काकांनीच पाडलं होतं, घाई. ती चिडणाऱ्यातली नव्हती. "खात्री आणि घाई एका टेबलावर," ती म्हणायची, "सरांनी मुद्दाम केलंय. मी गाडी पळवायची, तुम्ही ब्रेक दाबायचा."

घाईचा विषय ऐकायला भारी होता, पण काकांनी तो आपल्यापुरता सोपा करून घेतला होता. वाटाण्याचं पान उन्हात साखर बनवतं आणि देठातून शेंगेतल्या दाण्यांकडे धाडतं. दाणा कोवळा असतो तोवर आलेली साखर वाढण्यात उडवतो. पुढे तीच साखर पिठाच्या रूपात साठवायला लागतो, कारण मातीत पडल्यावर पान काही साखर धाडायला येणार नाही. आता उडवणं कधी थांबवायचं आणि साठवणं कधी सुरू करायचं, हे ठरतं कसं? दाण्यात प्रथिनं कामाला असतात. कोणी साखर फोडतं, कोणी वळवतं, कोणी पीठ रचतं. त्यांच्यातल्या काहींवर फॉस्फेटचा इवलासा तुकडा येऊन बसतो. तो बसला की कोणाचं काम जोरात चालतं, कोणाचं थंडावतं. निघाला की पुन्हा उलट. घाई याला फॉस्फोरिलेशन म्हणायची आणि काका कडी म्हणायचे. कडी लावणारी प्रथिनं वेगळी, काढणारी वेगळी. त्यांचं आपापसात अखंड चालू: एक लावतोय, दुसरा काढतोय. सुरुवातीला घाई हसली, पण महिन्याभरात तीही कडीच म्हणायला लागली, आणि एकदा सरांसमोर तिच्या तोंडून "साखर फोडणाऱ्याची कडी" असं निघून गेलं तेव्हा सरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

तिला शोधायचं होतं ते एवढंच: साखर फोडणाऱ्या एका प्रथिनावरची कडी, दाणा भरत जाताना, लागलेलीच राहते की कधीतरी निघते?

पण ही कडी भलती नाजूक. शेंग झाडावरून तोडली तरी आतल्या कामगारांना त्याची बातमी नसते, ते कड्या काढत राहतात. म्हणून शेंग तोडल्या तोडल्या झाडाच्या बुडाशीच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायची, म्हणजे सगळे जिथल्या तिथे गोठतात. मग गारठलेल्या खलात दाण्यांची भुकटी करायची आणि ती थंड द्रावणात मिसळायची. इथेच खरा धोका. द्रावणात आली की भुकटी वितळते, गोठलेले कामगार जागे होतात आणि बघता बघता सगळ्या कड्या उतरवून ठेवतात. ते होऊ नये म्हणून द्रावणात आधी एक औषध घालावं लागतं, कडी काढणाऱ्यांचे हात बांधून ठेवणारं. प्रयोगशाळेत त्याला सगळे राखण म्हणत. "राखण टाकली का?" हा तिथला रोजचा प्रश्न. राखण दिसायला पाण्यासारखी, द्रावणही पाण्यासारखं, आणि पाण्यात पाणी टाकलंय की नाही हे नुसतं बघून कोणाच्या बापाला सांगता येत नाही.

यासाठी काकांची एक युक्ती होती. राखणीची कुपी बर्फाच्या डब्यात डावीकडे ठेवायची आणि टाकून झाली की उजवीकडे. डोक्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा डब्यावर ठेवलेला बरा, असं ते म्हणत.

ज्या सकाळी घोटाळा झाला त्या सकाळी ते सगळ्यात मोठ्या दाण्यांवर काम करत होते. घाईच्या सांगण्यावरून त्या वयाच्या साऱ्या शेंगा एकाच दमात उरकायच्या होत्या, कारण समितीची बैठक तोंडावर आली होती. बाहेरून येणारी ही समिती घाईची शिष्यवृत्ती वाढवायची की तिला निरोप द्यायचा ते ठरवणार होती. काकांनी द्रावण मोजून घेतलं, आणि तेवढ्यात कोपऱ्यातला मोठा फ्रीजर ठणाणा ओरडायला लागला. कोणीतरी दार अर्धवट लावलं होतं. काका धावले, खण मागे ढकलला, दार दाबून धरलं आणि आकडा खाली येईपर्यंत तिथेच उभे राहिले. परत आले तर डब्यातला बर्फ पाणी झालेला. त्यांनी डबा रिकामा केला, नवा बर्फ भरला, कुप्या पुन्हा मांडल्या आणि खल ओढून कामाला लागले. मांडताना राखणीची कुपी त्यांनी उजवीकडे ठेवली. का ठेवली, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पडला नाही.

तो पडला चार दिवसांनी. कडीची तपासणी अशी असते की द्रावणात मिसळलेल्या भुकटीचा अर्क एका पातळ पडद्यावर चढवतात आणि कडी लागलेल्या प्रथिनालाच धरणारा रंग लावतात. कडी असेल तिथे काळी रेघ उठते, नसेल तिथे कोरं. घाई पडदा घेऊन धावत आली.

"काका, बघा! कोवळ्या दाण्यांत रेघ. मधल्यांत रेघ. आणि मोठ्या दाण्यांत?"

"कोरं," काका म्हणाले.

"कोरं! कडी निघते, काका! पोट भरलं की कडी निघते! प्रथिन जागेवर आहे, ते मी वेगळं तपासलं. तोच अर्क परत लावला, परत कोरं." तिने त्यांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "तीन वर्षं, काका, तीन वर्षं मी या रेघांकडे बघतेय!"

काका हसले. हसता हसता त्यांना तो बर्फाचा डबा दिसला, आणि त्यांनी आपले हात सोडवून घेतले. कोऱ्या पडद्याला कारणं दोन असू शकतात. एक, दाण्याने कडी काढली. दोन, राखण नव्हती म्हणून कडी निघून गेली. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. त्या सकाळी राखण टाकल्याचं त्यांना आठवत होतं का? कुपी हातात घेतल्याचं आठवत होतं, थेंब पडताना दिसत होते, पण हे चित्र त्या सकाळचं की अशाच दुसऱ्या कुठल्या सकाळचं? सगळ्या सकाळी एकीवर एक रचल्यासारख्या झाल्या होत्या आणि मधली एक ओढून काढता येत नव्हती.

दुपारी सर आले. पडदा उजेडासमोर धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. सर संशयी माणूस, आणि योग्य तोच प्रश्न त्यांनी विचारला.

"मोठ्या दाण्यांचे सगळे अर्क एकाच दिवशी केलेत का?"

"हो सर. पण काकांनी केलेत."

"खात्रीने केलेत?" सरांनी पडदा खाली ठेवला. "मग प्रश्नच मिटला."

आयुष्यभर कमावलेलं नाव असं समोर उभं राहिलं आणि काकांच्या तोंडाला कुलूप लावून गेलं. त्यांनी ओठ उघडलेही होते. पण घाई तेव्हा सरांकडे अशा डोळ्यांनी बघत होती की त्यांना ते मिटावे लागले.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. मन चिंती ते वैरी न चिंती. बसमध्ये ते जुन्या शेजाऱ्यांची नावं आठवत, दादाच्या वाटेवरची घरं एकामागून एक म्हणत, आणि एक घर अडलं की घाम पुसत. प्रयोगशाळेत घाई समितीसाठी चित्रं तयार करत होती, मधूनच त्यांना बोलावून दाखवत होती. एका चित्रात तिने खरोखरच दार आणि कडी काढली होती. "हे तुमचं," ती म्हणाली. काकांनी छान आहे म्हणून मान डोलावली आणि हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खाल्लंय की नाही हेच ठाऊक नव्हतं आणि खवखव तेवढी चालू होती.

ते स्वतःशी भांडत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, एक मन म्हणायचं, कदाचित टाकलीही असेल राखण, उगाच पोरीचा आनंद का नासवायचा? दुसरं मन म्हणायचं, उद्या दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत कोणी हाच प्रयोग केला आणि तिथे रेघ उठली तर? लोक तुला विचारणार नाहीत, खात्री. लोक तिला खोटी म्हणतील. आणि या दोन्हींच्या खाली तिसरं मन होतं, ते बोलत नव्हतं, नुसतं थरथरत होतं. सांगितलं तर तपासणी होईल. तपासणी झाली तर कळेल. घाईच्या पडद्याचं नव्हे, त्यांच्या डोक्याचं कळेल.

घरी जेवण उतरत नव्हतं. बायको म्हणाली, "बरं वाटत नाही का?"

"दमलोय."

"कामावर काही झालं?"

"काय व्हायचंय?" ते जरा जोरातच म्हणाले, आणि उठून मागच्या दाराकडे गेले. कडी लागलेली होती. त्यांनी ती ओढून बघितली, सोडली, परत ओढली. बघ, त्यांनी स्वतःला सांगितलं, लावलीस ना? जो माणूस रोज न चुकता कडी लावतो तो राखण विसरेल कसा? त्या कडीच्या जोरावर त्यांना झोप लागली.

पण सकाळी बसच्या खिडकीशी बसल्यावर तोच विचार उलटा होऊन समोर आला. कडी लागलेली दिसते हे खरं. पण लावताना मी मला आठवतो का? काल संध्याकाळी लावली, ती कधी? जेवणाआधी की नंतर? हात ओले होते की कोरडे? त्यांचा थांबा आला आणि गेला, ते बसूनच राहिले, आणि पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

घाई खुर्चीत एक पाय वर घेऊन बसली होती. काकांनी स्टूल ओढलं. ते कामाच्या वेळी कधी बसत नसत, म्हणून तिने मान वर केली.

"बाळ, त्या कोऱ्या पडद्याचं... मोठ्या दाण्यांच्या अर्कात मी राखण टाकली की नाही, मला आठवत नाही."

ती हसली. "काका, तुम्ही? तुम्ही तर चहातसुद्धा..."

"मला आठवत नाही," ते पुन्हा म्हणाले, आणि फ्रीजरचं ओरडणं, वितळलेला बर्फ, उजवीकडे मांडलेली कुपी, सगळं सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

घाईने वर घेतलेला पाय खाली ठेवला. "हे तुम्ही आत्ता सांगताय? परवा बैठक आहे, काका! सर विचारत होते तेव्हा तुम्ही इथेच उभे होतात!"

"होतो."

"मग?"

"भ्यालो."

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. डोळे पुसले ते मुद्दाम जोरात, कोणाला रडल्यासारखं वाटू नये म्हणून. मग तिने विचारलं, "शेंगा उरल्यात का?"

शेंगा उरल्या होत्या. प्रत्येक तोडणीतली एक पुडी काका फ्रीजरच्या तळाशी बाजूला टाकत, त्या पुडीला सगळे खात्रीचा वाटा म्हणून चिडवत. जेमतेम एका अर्कापुरते दाणे. चुकायला जागा नव्हती.

"मी करते," घाई म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."

काका एका बाजूला उभे राहिले. हे ऐकून घ्यायची वेळ येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. घाईने खल गारठवला, दाणे टाकले आणि दणादण कुटायला लागली. पहिल्याच दणक्याला एक दाणा उडून जमिनीवर गेला. दुसऱ्याला खलातलं धुकं विरायला लागलं, म्हणजे थंडी उतरत होती. ती थांबली.

"काका," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही कुटा. राखण मी टाकते. आणि मोठ्याने सांगते. तुम्ही पाहिलं की तुम्हीपण मोठ्याने सांगा."

काकांनी बत्ता हातात घेतला. हाताला सगळं ठाऊक होतं, किती जोर, कधी पुन्हा नायट्रोजन ओतायचं, भुकटी कधी पिठासारखी होते. घाईने कुपी उचलली.

"राखण टाकतेय. टाकली."

"पाहिली," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या टेबलावरच्याने वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा तयार झाला. मधल्या वेळात काकांनी धुतलेलं सगळं काचसामान पुन्हा धुवून काढलं होतं. रेघ उठू नये, असं ते मनात म्हणत होते. रेघ न उठणं म्हणजे घाईचा शोध खरा, रेघ न उठणं म्हणजे त्यांनी तेव्हा राखण टाकली होती, आणि त्यांच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं. एकाच कोऱ्या जागेवर दोघांचं सगळं अवलंबून होतं. त्यांनी आयुष्यात कधी एवढ्या मनापासून काही नसावं म्हणून इच्छा केली नव्हती.

रेघ होती. मोठ्या दाण्यांच्या जागी, इतरांसारखीच काळी, इतरांइतकीच जाड.

मग घाई म्हणाली, "लागलेलीच राहते. कडी लागलेलीच राहते." शोध गेला. उरली ती एक खरी गोष्ट, पण बातमी नसलेली. तिने संगणकावरचं दार-कडीचं चित्र उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि पुसून टाकलं.

"मी सरांकडे जातो," काका उठत म्हणाले. "चूक माझी आहे."

"आपण दोघं जाऊ. सगळं एकाच सकाळी उरकायची घाई कोणी केली?" ती किंचित हसली, पण ते हसू टिकलं नाही. "आणि काका, उद्या हे समितीसमोर मांडलं असतं आणि वर्षभराने कोणीतरी दाखवून दिलं असतं, तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? तुम्ही उशिरा सांगितलंत, पण सांगितलंत." मग जरा थांबून, एरवी कधी बोलत नसे तितक्या हळू ती म्हणाली, "डॉक्टरांना दाखवून या ना एकदा."

सर ओरडले नाहीत. जे आहे ते मांड, ते घाईला म्हणाले, समितीचं समितीवर. काकांना त्यांनी काहीच म्हटलं नाही, फक्त दारापर्यंत सोडायला आले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं काकांना वाटलं.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर काका वर्तमानपत्र न उघडता बसून राहिले आणि मग बायकोला सगळं सांगितलं. दाणा, साखर, कडी, राखण, रेघ. तिने मशीनवरचा पाय काढला आणि सगळं ऐकून घेतलं.

"दादाचं असंच सुरू झालं होतं," काका शेवटी म्हणाले. "साखरेपासून."

तिने मशीनवरचं कापड ओढून मांडीवर घेतलं.

"पण मग मला एक कळत नाही. कामावर विसरलो ते विसरलो. घरी मी एकदाही विसरत नाही. कडी रोज लागलेली असते, तू बघतेस ना? रोज."

बायकोने हातातलं कापड घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं.

"अहो, ती मी लावते."

"काय?"

"तुम्ही हात धुवायला जाता ना, तेवढ्यात. कधी तुम्ही लावलेली असते. पुष्कळदा नसते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "किती दिवस झाले?"

"दिवस नाही हो," ती म्हणाली. "दादा गेले त्यानंतरच्या हिवाळ्यापासून."

बाहेर कोणाची तरी मोटार सुरू होत नव्हती, तिचा खरखर आवाज मधूनमधून येत राहिला. काकांना राग यायला हवा होता. तो शोधून सापडेना.

"सांगायचं नाहीस का?"

"सांगणार होते. रोज सांगणार होते." तिचे डोळे भरून आले. "पण तुम्ही उठून जाता, कडी ओढून बघता आणि लागलेली दिसली की तुमचा चेहरा असा काही खुलतो. तो मोडायला हात धजेना माझा."

जिच्या जोरावर काका इतके महिने निर्धास्त झोपले, ती कडी त्यांची नव्हतीच. मग त्यांनी हात पुढे करून तिचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी असं कारणाशिवाय हात धरणं त्या घरात फारसं होत नसे, त्यामुळे दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

"ये."

ती भांडी आवरायला आत गेली. काका उठले आणि मागच्या दाराशी गेले. कडी हातात घेतली, सरकवली, ती खोबणीत बसल्याचा आवाज ऐकला. मग प्रयोगशाळेत म्हणाले होते तसंच मोठ्याने म्हणाले,

"कडी लावली."

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"थांबा," बायको म्हणाली, "खात्री करते."

ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली, आणि या वेळी त्यांच्या देखत तिने कडी ओढून पाहिली.